कोंडाण्याची एक ओळ

पावसाळा लागला म्हणजे कर्जतच्या स्टेशनावर मुंबईकरांच्या झुंडी उतरतात व त्यांतील कित्येक राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाण्याच्या लेण्याची वाट धरतात. लेण्याच्या तोंडावरून कोसळणारे पाणी पाहून मंडळी तृप्त होऊन परततात. परंतु त्याच दर्शनी भागावर एक ओळ कोरलेली आहे, ती पाहण्यास फारच थोडे थांबतात. कर्जत-खालापूरच्या रहिवाशांपैकी तरी कितीजणांस ती ठाऊक आहे, असे आम्ही विचारले तर वाचकांनी राग मानू नये.

ती ओळ एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारी ब्राह्मी लिपीत आहे. तिचा अर्थ इतकाच की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सुताराने लाकूड घडवावे तशा नजाकतीने कातळ घडविणाऱ्या या कारागिराने राजाचे नाव घातले नाही. आधी गुरूचे घातले, मग आपले.

ही ओळ आम्हांस पुन्हा वाचता आली ती एकोणिसाव्या शतकात. 1837 साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला. 1848 साली मुंबईस लेण्यांच्या शोधासाठी कमिशन नेमले गेले व डॉ. जॉन विल्सन त्याचे अध्यक्ष झाले. कोंडाणे प्रथम उजेडात आणले ते मात्र विष्णुशास्त्री नामक पंडितांनी. ठाण्याचे कलेक्टर लॉसाहेब तेथे गेले ते त्यांच्या मागून. (हे विष्णुशास्त्री निबंधमालाकार चिपळूणकर नव्हेत.) पुढे 1880 साली फर्ग्युसन व बर्जेस यांचा लेण्यांवरील थोर ग्रंथ निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर नावे दोघा साहेबांची. शास्त्रीबोवांच्या वाट्यास आत ओझरता उल्लेख आला.

त्याच काळात शेजारच्या बोरघाटात आगगाडीचा मार्ग खोदला जात होता. एका वेळी 40,000 हून अधिक मजूर तेथे राबत होते. पटकी व ताप यांनी हजारो दगावले. 1863 साली गाडी घाट चढली. कंत्राटदारांची नावे इतिहासात राहिली, मजुरांची राहिली नाहीत. डोंगर फोडणारा असो वा शिलालेख शोधणारा असो, एतद्देशीयाचे नाव गाळण्याची रीत एकच.

तथापि सर्व दोष परक्या सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. साहेबांनी निदान मोजमाप घेतले, नकाशे काढले. ते उपकार न मानणे कृतघ्नपणाचे होईल. आपण काय केले? कोणतेही लेणे दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत कोरले, असे सांगून मोकळे झालो. घारापुरीचे लेणे मिसरी लोकांनी किंवा शिकंदराने कोरविले, असेही तर्क एके काळी युरोपात निघाले होते. त्यांस आपण हसतो. पण दोन्ही कथांत फरक तो किती? एकीने श्रेय परक्यास दिले, दुसरीने देवतुल्य वीरांस. छिन्नी धरणारा बलक दोहींतही नाहीच. पांडवांची कथा आजीने नातवास खुशाल सांगावी. मात्र शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलास तेवढीच ठाऊक असावी, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

व्यापारी मंडळींस तर हा विषय अगदी घरचा आहे. कोकणातील बंदरांतून घाट चढणाऱ्या तांड्यांच्या वाटेवरच ही लेणी आहेत. घाटमाथ्यावरील कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नामक श्रेष्ठीने पुरे केले, असे तेथील लेखच सांगतो. खोपोलीस नाना फडणवीसांनी तलाव बांधला तोही याच वाटेच्या सोयीसाठी. ज्या वाटेने धंदा चालला, तिच्यासाठी काही ठेवून जावे, ही येथील जुनी रीत आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. दोन्ही तालुक्यांतील शाळांनी वर्षातून एकदा मुलांस कोंडाण्यास न्यावे व ती ओळ अर्थासह वाचून दाखवावी. जाण्यायेण्याचा खर्च बाजारपेठेने उचलावा. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा 1904 सालापासून आहे. पण भिंतीवर खिळ्याने स्वतःचे नाव ओरखडणारा हात कायद्याच्या भीतीने थांबत नाही. तेथे आधीच एक नाव आहे आणि ते कोणाचे, हे ज्यास कळले, तो हात आपोआप थांबेल.