किनाऱ्याची वाट, ज्येष्ठांची चाल

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलांकडे आईवडील उन्हाळ्यात गेले, की एक बेत हौसेने आखला जातो. कॅलिफोर्नियातून निघायचे, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतून उत्तरेकडे जायचे आणि सीमा ओलांडून कॅनडातील व्हँकुव्हर गाठायचे. डाव्या हाताला पॅसिफिक महासागर, उजवीकडे सूचिपर्णी वृक्षांची राने. सारेच रम्य असते. मात्र मागच्या आसनावरील आजोबांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नसतो. विचारले तर ‘तहान नाही’ म्हणतात. खरे कारण निराळे असते. आपल्यासाठी मुलाला वारंवार गाडी थांबवावी लागू नये, एवढीच त्यांची इच्छा असते.

प्रवासातील अनेक दुखण्यांचे मूळ या संकोचात असते. वयोमानानुसार तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात पाणी टाळले, की चक्कर, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग यांना वाट मिळते. तासन्‌तास बसून राहिल्याने पायांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच-दहा मिनिटे चालणे आवश्यक आहे. एकाच पोटरीत सूज व वेदना जाणवल्यास त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करावी. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर तत्काळ ९११ वर संपर्क साधावा. हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती स्वतःहून बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

टप्पे लहान ठेवा

ऑरेगनच्या किनाऱ्याने जाणारा १०१ क्रमांकाचा महामार्ग सुमारे ५८० किलोमीटरचा आहे. तरुण मंडळी तो एका दिवसात उरकू शकतील. ज्येष्ठांसोबत तीन-चार दिवस घ्यावेत. ब्रुकिंग्ज, बँडन, फ्लॉरेन्स, न्यूपोर्ट, कॅनन बीच, ॲस्टोरिया या गावांमधील प्रत्येक टप्पा दोनशे किलोमीटरच्या आत आहे. वळणांचा त्रास होणाऱ्याला पुढच्या आसनावर बसवावे. मळमळीवरील अनेक गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, लघवीही अडू शकते. त्या सल्ल्याविना देऊ नयेत.

हा किनारा कोकणासारखा उबदार नाही. भर जुलैतही धुके आणि गार वारा असतो. स्वेटर व कानटोपी हाताशी हवी. समुद्र शांत दिसत असतानाही एखादी लाट अवचित वाळूवर फार आतपर्यंत चढून येते. तिथे समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये आणि पाण्यालगतच्या ओंडक्यांवर बसू नये.

सीमेपलीकडे आकडे बदलतात

भारतीय पारपत्रावर कॅनडात जाण्यासाठी स्वतंत्र व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असलेल्या मुलांना तो लागत नाही, म्हणून आईवडिलांचा विसरला जाण्याचा संभव असतो. अमेरिकेत परतण्याची मुभा आपल्या व्हिसावर आहे ना, आणि आरोग्यविमा दोन्ही देशांत व जुन्या आजारांसाठीही लागू आहे ना, हे निघण्यापूर्वी लेखी तपासून घ्यावे.

रक्तातील साखर भारतात आणि अमेरिकेत मिलिग्रॅममध्ये मोजतात, कॅनडात मिलिमोलमध्ये. तिथल्या आकड्याला १८ ने गुणले, की आपल्या ओळखीचा आकडा मिळतो. तिथले ७ म्हणजे आपले १२६, १० म्हणजे १८०. कॅनडात घेतलेल्या यंत्रावर १५ दिसले आणि ‘किती कमी!’ म्हणून कोणी साखर भरवली, तर अनर्थ होईल. कारण ती साखर २७० असते. आपलेच यंत्र आणि पुरेशा पट्ट्या सोबत ठेवाव्यात.

औषधांची नावेही बदलतात. आपले पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन होते. दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉलला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात, तर कॅनडात पुन्हा साल्ब्युटामॉल. म्हणून औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत, सोबत औषधांची मूळ नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी असावी. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, बर्फालाही थेट लागू देऊ नये.

ब्लेन गावापाशी सीमारेषेवर १९२१ साली उभारलेली शुभ्र शांतता-कमान आहे. तिच्या अलीकडे गाड्यांची रांग लांबू शकते. तिथे पोहोचण्यापूर्वीच प्रसाधनगृहात जाऊन यावे. मधुमेही व्यक्तीच्या हाताशी खाणे असावे. जवळचे खाद्यपदार्थ मात्र अधिकाऱ्याला न लपवता सांगावेत.

‘थांबायचे का?’ असे विचारू नका

या प्रश्नाला आपल्याकडचे वडीलधारे ‘नको रे, चालू दे’ असेच उत्तर देतात. त्याऐवजी मुलाने गाडी बाजूला घ्यावी, ‘मला जरा पाय मोकळे करायचे आहेत’ म्हणत स्वतः आधी उतरावे आणि पाण्याची बाटली उघडून आजोबांपुढे धरावी. सोबत चार पावले चालायला ते निश्चित उतरतील. व्हँकुव्हरला एक दिवस उशिरा पोहोचलो, तरी चालेल.