जुन्या टीव्हीचे चित्र आकसते तेव्हा

रब्बीच्या हंगामात शेतातले पंप एकाच वेळी सुरू झाले, की गावातले दिवे मंदावतात. बुलढाणा जिल्ह्याला हे नवे नाही. म्हणूनच पूर्वी टीव्हीबरोबर स्टॅबिलायझरही घरात येई. पण तो बाहेरचा पहारा. आतला पहारा व्होल्टेज रेग्युलेटर करतो. माळ्यावरचा लाकडी शटरचा संच हौसेने सुरू करण्याआधी हा पहारेकरी जागा आहे का, हे पाहायला हवे.

भिंतीतल्या २३० व्होल्टमध्ये चढउतार झाला, तरी आतल्या सर्किटला ठरलेलेच व्होल्टेज देणे हे रेग्युलेटरचे काम. छोट्या कृष्णधवल संचात ते साधारण ११-१२ व्होल्ट, तर रंगीत संचात शंभराहून अधिक असते. ते कमी पडले की चित्र चारही बाजूंनी आकसते. पडद्यावर दोन आडवे पट्टे सरकत असतील, तर पहिला संशय फिल्टर कपॅसिटरवर घ्यावा. त्याने न गाळलेली वीज सेकंदाला १०० वेळा हेलकावते आणि चित्र ५० वेळा रेखाटले जाते. म्हणून पट्टे दोन.

या कपॅसिटरमधले रसायन वर्षानुवर्षे सुकत जाते. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. घाटाखाली मलकापूर-खामगावकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे इथे आठवावे.

कपॅसिटर ठीक असेल, तर रेग्युलेटरच्या आधीचे आणि नंतरचे व्होल्टेज मोजतात. आधीचे योग्य आणि नंतरचे चुकीचे असेल, तर दोष ट्रान्झिस्टर किंवा झेनर डायोडमध्ये शोधावा. चित्र भरून दिसावे म्हणून नुसता प्रीसेट फिरवणे म्हणजे ताप आला असता थर्मामीटर झटकणे.

व्होल्टेज वाढणे अधिक घातक. रंगीत संचाच्या पिक्चर ट्यूबवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात. तिथे वेगाने आदळून थांबणारे इलेक्ट्रॉन थोडे क्ष-किरण निर्माण करतात; ट्यूबची जाड काच ते अडवते. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले, तर किरणांची भेदनशक्तीही वाढते. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सुमारे ९० हजार रंगीत संचांतून जादा क्ष-किरण निघत असल्याचे उघड झाले. उगम होता उच्च व्होल्टेज नियंत्रित करणारी रेग्युलेटर नळीच. पुढच्याच वर्षी तिथे किरणोत्सर्ग नियंत्रणाचा कायदा झाला. नंतरच्या अनेक संचांत व्होल्टेज वाढताच टीव्ही बंद करणारे सर्किट आले. दुरुस्तीत ते कधीही काढून टाकू नये.

छोट्या कृष्णधवल संचात क्ष-किरणांची भीती नगण्य. खरी भीती शॉकची. प्लग काढल्यावरही मोठा कपॅसिटर आणि पिक्चर ट्यूब विद्युतभार धरून ठेवतात. तो सुरक्षितपणे उतरवल्याशिवाय आत हात घालू नये. मेकॅनिक असा संच आधी १०० वॅटच्या साध्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतात. बल्ब लख्ख पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढची तपासणी करता येते. मात्र सिरीज बल्ब शॉकपासून वाचवत नाही. ज्याला हे काम येत नाही, त्याने मागचे झाकण उघडूच नये; जाणकार मेकॅनिककडे संच न्यावा.