माशाच्या पोटातली भांडणं
सूक्ष्मांच्या राज्यात : लेखांक नववा

गेल्या आठवड्यात आपण पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपाशी थांबलो होतो. १९५४ साली उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तर बनू लागलंच, शिवाय डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांना स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या मातीतल्या जिवाणूपासून बुरशीवर चालणारं हमायसिन मिळालं. माती एवढं देत असताना शास्त्रज्ञ समुद्री माशांची आतडी का चाचपू लागले?

‘मातीतलं संपलं म्हणून’ हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले डॉ. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याचं गणितच मांडलं. एकट्या स्ट्रेप्टोमायसिस कुळात जंतुरोधक रसायनं किती असतील? त्यांचा अंदाज आला एक लाखाच्या घरात, आणि त्यातला अगदी लहानसा हिस्सा तोवर हाती लागला होता. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नवे शोध घटले ते साठा आटला म्हणून नव्हे, शोधणारे हात कमी झाले म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. हात कमी का झाले, हेही उघड आहे. वर्षभर खपून हाती आलेलं रसायन चाळीस वर्षांपूर्वीच कुणीतरी नोंदवलेलं निघालं, की पैसे देणाऱ्याचा उत्साह मावळतो. म्हणून मग नवा पत्ता शोधायचा.

माशाचं आतडं हा तसा पत्ता आहे, त्यातही खाऱ्या पाण्यातल्या माशाचं. उजनीतला रोहू पाणी जवळजवळ पीतच नाही; त्याच्या अंगापेक्षा भोवतालचं पाणी कमी खारं असल्यामुळे ते आपणहून शरीरात शिरतं आणि त्याला ते सतत बाहेर टाकावं लागतं. सुरमई किंवा बांगड्याचं उलटं. समुद्र त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे ते दिवसभर समुद्राचं पाणी पीत असतात आणि जादा मीठ मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. प्रत्येक घोटाबरोबर नवे जिवाणू आत येतात. आत आधीच दाटी, प्राणवायू कमी, वर पित्तरसाचा मारा आणि अन्न आलं तर आलं. दादर स्टेशनात भरून आलेल्या लोकलसारखी ही गत : आतले दाराशी अडून उभे, बाहेरचे रेटणारे. अशा ठिकाणी शेजाऱ्याला मारणारं किंवा त्याची वाढ रोखणारं रसायन ज्याच्याकडे असेल, त्याची जागा टिकण्याची शक्यता जास्त.

हा तर्क खरा उतरतो का, हे रॉजर लिनिंग्टन यांच्या कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या गटाने तपासलं. सहा जातींच्या माशांची आतडी उघडून त्यांनी जिवाणू वाढवले. त्यांतले काही आधी प्रयोगशाळेत कधी वाढलेच नव्हते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात सेबास्टेनोइक आम्ल नावाचा एक नवा स्निग्ध पदार्थ सापडला. गळवं आणणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियससह चार जिवाणूंवर तो चालला.

‘चालला’ हा शब्द मात्र जपून वाचावा. पद्धत साधी असते. मासा बाहेरून अल्कोहोलने पुसायचा, निर्जंतुक कात्रीने पोट उघडायचं, आतडं खारट द्रावणात घोटून, पातळ करून पेट्रीडिशवर पसरायचं. उगवलेल्या एकेका ठिपक्याचा अर्क रोगजंतू पेरलेल्या दुसऱ्या डिशमध्ये सोडायचा. दुसऱ्या दिवशी अर्काभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं की विद्यार्थी खूश!

पण वर्तुळं फसवतात. लॅक्टिक आम्लानेही वर्तुळ पडतं, हायड्रोजन पेरॉक्साइडनेही. म्हणून आधी अर्काची आम्लता मोडायची, मग कॅटलेज हे विकर घालून पेरॉक्साइड फोडायचं आणि वर्तुळ उरतं का ते पाहायचं. त्यानंतर प्रथिनं तोडणारं विकर घालायचं. आता वर्तुळ नाहीसं झालं, तर आत बॅक्टेरिओसिनसारखं प्रथिन असण्याचा संभव. तेही बहुधा ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंवरच चालतं, ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या पडद्याशी अशी बरीच रसायनं अडतात. या चाळण्या न लावता ‘नवं प्रतिजैविक सापडलं’ अशी बातमी आली, तर खुशाल पान उलटावं.

सोलापुरातल्या कुणा विद्यार्थ्याला हे करून पाहायचं असेल, तर आणखी एक अडचण. किनारा इथून तीनशे किलोमीटरहून लांब आणि मासा येतो बर्फात. थंडीतही वाढणारे स्यूडोमोनास, शेवानेला असले जिवाणू वाटेत बळावतात, मेलेल्या माशाचं आतडंही स्वतःच्याच पाचकरसाने विरघळू लागतं. बाजारातून आणलेल्या बांगड्यात मग समुद्रातली वस्ती किती आणि प्रवासातली किती, हे सांगणं कठीण. नमुना बंदरावरच, मासा उतरताच घ्यावा लागतो.

एवढं सगळं निभावलं तरी गोळी दूरच राहते. रसायन शुद्ध करायचं, त्याची रचना शोधायची, ते आपल्या पेशींनाही मारतं का हे बघायचं. बरीच रसायनं इथेच गळतात. मला जवळचा उपयोग दिसतो तो मत्स्यशेतीत. आपल्याकडे कोळंबी-संवर्धनात क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना बंदी आहे आणि तळ्यांत बॅसिलससारखे उपयुक्त जिवाणू सोडण्याची पद्धत रुळली आहे. तिथे रसायन वेगळं काढण्याची गरज नसते. जिवाणूच जिवंत कामाला लावायचा असतो. तो तळ्यात नेमकं काय करतो, ते पुढच्या लेखात पाहू.