कारणांचा कज्जा

साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केली, तेव्हा त्या देशातील यादवी संपून अवघी आठ वर्षे लोटली होती. ते युद्ध कशापायी झाले याविषयी जोतीरावांच्या मनात संदेह नव्हता. तो उत्पन्न करण्याचा उद्योग मात्र खुद्द अमेरिकेत तोवर सुरू झाला होता.

दक्षिणेकडील राज्ये फुटली ती जकातीच्या जाचामुळे किंवा घटक राज्यांच्या हक्कांसाठी, असे सांगणारा पक्ष तेथे अद्याप आहे. परंतु ज्या मॉरिल जकात कायद्याकडे तो बोट दाखवतो तो संमत झाला मार्च १८६१ मध्ये, आणि तत्पूर्वीच सात राज्ये संघातून बाहेर पडली होती. त्यांतील मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी एकरूप असल्याचे, कसलाही आडपडदा न ठेवता, जाहीरनाम्यातच नमूद केले होते. फुटीर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी त्याच मार्चमध्ये सव्हाना येथे, कृष्णवर्णीयांची असमानता ही नव्या राज्याची कोनशिला होय, असे भर सभेत सांगितले. आणि पराभवानंतर याच गृहस्थांनी राज्यांच्या हक्कांचे तत्त्वज्ञान मांडणारे दोन जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. दाव्यातील पहिली कैफियत खरी मानावी की हुकूमनामा विरुद्ध गेल्यावर रचलेली, हे तालुका कचेरीतील कारकूनही सांगू शकेल.

उत्तरेची गोष्ट निराळी. लिंकन प्रथम लढले ते संघराज्य अखंड राखण्यासाठी. मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला तो १ जानेवारी १८६३ रोजी. दक्षिण का फुटली आणि उत्तर का लढली, हे दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधल्याने निम्मा वाद माजतो.

उरलेला निम्मा वाद आमच्याकडचाच वाटावा असा आहे. १९१९ ते १९२१ या काळात, वाळवे-तासगाव हे आजच्या सांगलीचे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत असता, सत्यशोधक विचारांच्या कुळांनी ब्राह्मण जमीनदारांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि खंड कमी करण्याची मागणी केली. हा तंटा पोटाचा की मानाचा? महागाईने गांजलेल्या कुळांचा तो खंडाचाच वाद होता म्हणावे, तर हीच मंडळी लग्नाला भटजी का नाकारीत होती, याचा उलगडा होत नाही. (दक्षिणेचे चार पैसे वाचत, हे खरे, पण तेवढ्यासाठी कोणी गावाशी वैर पत्करीत नाही.) उलट तो केवळ जातीचा द्वेष होता म्हणावे, तर शेत पडीक टाकून स्वतःच्याच चुलीशी खेळण्याचे कारण सापडत नाही. खंड मागणारा आणि ओसरीखाली बसवणारा इसम एकच असल्यावर कुळाने ही दोन खाती वेगळी कशी मांडावीत?

अमेरिकेतही सुमारे ४० लाख दास हेच दक्षिणेचे भांडवल होते. तेव्हा युद्धाचे कारण ‘आर्थिक’ होते, असे म्हटल्याने गुलामगिरीची सुटका होत नाही.

येडेमच्छिंद्रचे नाना पाटील याच सत्यशोधक वातावरणात वाढले. त्यांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात चाललेल्या १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारने गावोगावी तंट्यांचे निवाडे केले तशीच अल्प खर्चाची लग्नेही लावली. त्यामुळे त्या लढ्याची हकीगत ‘चले जाव’पासून आरंभणाऱ्या इतिहासकाराने आपली पहिली वीसेक पाने कोरी सोडली आहेत, असेच मला वाटते.