ब्लू मून नक्की कधी?

‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे सठीसहामाशी, हे आपण सर्रास म्हणतो. पण हा ‘निळा’ चंद्र दिसतो नेहमीसारखाच बरं का! इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, हा अर्थ रूढ झाला तो चक्क एका चुकीतून. जुन्या अमेरिकी पंचांगात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणत. मार्च १९४६ च्या ‘स्काय अँड टेलिस्कोप’मध्ये जेम्स ह्यू प्रुएट यांनी त्याचा भलताच अर्थ लावला आणि तोच टिकला. मला तरी तो सोपा वाटतो. योग साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो, आपल्या अधिक महिन्यासारखा. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हाची राखीपौर्णिमा ब्लू मूनच होती. फेब्रुवारीत मात्र तो कधीच येत नाही. कारण दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस जातात.