पलटणीच्या गावात युद्ध कुणाला आठवते?

हिंगोली शहरातल्या जुन्या मोहल्ल्यांची नावे नुसती वाचत गेले तरी छावणीचा नकाशा उभा राहतो. रिसाला, पलटण, तोफखाना, सदर बाजार आणि पेन्शनपुरा. निजामाच्या मुलखात ठेवलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इथे राहत असे. या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करावा लागला. म्हणजे पैनगंगेच्या उत्तरेच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर दक्षिणेकडच्या हिंगोलीतल्या शिपायाचा पगार निघत होता. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाडचा कायमचा भाडेपट्टा करून घेतला, १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणीचे दिवस सरले. इतकी वर्षे फौज पाहिलेल्या गावात घरोघरी लढायांच्या कथा असाव्यात, अशी कुणाचीही अपेक्षा होईल. प्रत्यक्षात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत या भागातल्या शेतकरी घरांत वडीलधारी माणसे ‘त्या काळात’ अशी सुरुवात करतात, तेव्हा तो काळ ना झाशीचा असतो, ना फ्रान्सचा, ना मलायाचा. तो असतो रझाकारीचा, म्हणजे १९४७-४८ चा. असे का झाले, याचे उत्तर शोधले की घरातल्या आठवणींकडे पुरावा म्हणून कसे पाहावे, हेही बरेचसे उमगते.

कंटिंजंटच्या फौजा जगातल्या मोठ्या लढायांपासून दूर होत्या, असे मुळीच नाही. १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानातल्या मोहिमेत त्या इंग्रजांच्या बाजूने होत्या. राणी लक्ष्मीबाईंच्या विरोधात लढणाऱ्यांत निजामाच्या मुलखातले स्वार होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी उच्चारली जात नाही. विलीनीकरणानंतर याच फौजेच्या रिसाल्यांतून आलेल्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर, हाय वूडजवळ, भाले सरसावून हल्ला चढवला. पायदळाची ९८ वी पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या फसलेल्या स्वारीत होती. ९७ वी डेक्कन इन्फंट्री मेसोपोटेमियात लढली. १९२२ च्या फेररचनेत या पलटणींची १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. तिची चौथी बटालियन जानेवारी १९४२ मध्ये मलायातल्या स्लिम नदीच्या काठी जपानी रणगाड्यांखाली चिरडली गेली. आणि २७ ऑक्टोबर १९४५ रोजी याच रेजिमेंटला नवे नाव मिळाले, कुमाऊं रेजिमेंट. बडगामचे मेजर सोमनाथ शर्मा आणि रेझांग लाचे मेजर शैतानसिंह ज्या रेजिमेंटचे, तिची मुळे दख्खनच्या या छावण्यांत आहेत, हे सांगितले तर आज हिंगोलीतही अनेकांना नवल वाटेल.

नवल वाटण्याचे कारण भरतीत आहे. या पलटणींत राजपूत, जाट, अहीर, शीख असे उत्तरेकडचे लोक आणि दख्खनी मुसलमान यांचाच भरणा होता. गावचा कुणबी छावणीला कडबा, तूप, ज्वारी विकत होता. तिच्यासाठी मरायला जात नव्हता. पलटण दूर गेली की तिच्या मृत्यूंच्या बातम्याही दूरच्या गावांना जात. पुढे दोन्ही महायुद्धांत हैदराबाद संस्थानने पैसा ओतला. पहिल्या युद्धात ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची आणि दुसऱ्यात १५२ क्रमांकाची तुकडी ‘हैदराबाद’ या नावाने उडत होती, ऑस्ट्रेलियन नौदलाच्या एका विनाशिकेचे नाव ‘निजाम’ होते. संस्थानच्या दप्तरात हा मोठा पराक्रम असेल. ज्याच्या घामातून हा पैसा निघाला, त्याच्या घरात मात्र ना विमानाची आठवण राहिली ना जहाजाची. आठवण टिकते ती ज्याचा माणूस, धान्य किंवा दार युद्धाच्या वाटेत येते त्याच्याकडे.

यावर कुणी म्हणेल, पेन्शनपुऱ्यात निवृत्त शिपाई राहिलेच की नाही? राहिले असणार, आणि त्यांच्या वंशजांकडे बिल्ला, सनद, एखादा फोटो असू शकतो. अशा घरांना शोधाचे एक साधन हाताशी आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत दोन्ही महायुद्धांतल्या हिंदी मृतांच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या अनेकांपुढे वडिलांचे नाव, गाव, तहसील दिलेले असते. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली आणि साध्या शिपायांचे फक्त आकडे. नाव कोरायचे कुणाचे आणि मोजून सोडायचे कुणाला, हे तिथेच ठरून गेले होते. त्या पक्षपाताची कबुली आयोगाला २०२१ च्या अहवालात द्यावी लागली. तरीही ही थोडी घरे वगळली तर माझे म्हणणे तसेच राहते: छावणीचे युद्ध हिंगोलीत मोहल्ल्यांच्या नावांवर थांबले, माजघरात शिरले नाही.

माजघरात शिरले ते १९४७-४८ चे. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीनीकरणाचा लढा सुरू केला, १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ अटकेत गेले, २९ नोव्हेंबरला निजाम आणि भारत यांच्यात जैसे थे करार झाला आणि त्या कराराच्या आडोशाने कासिम रझवीच्या रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा जोर वाढत गेला. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ ला. पण या भागाचे स्थान फार महत्त्वाचे होते. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. अलीकडे मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, त्याचा हाली शिक्का आणि करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. पलीकडे कलदार रुपया आणि काँग्रेसचे सरकार. उमरखेड, वाशीम अशा पलीकडच्या गावांत लढ्याची केंद्रे आणि शिबिरे उभी राहिली. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले आणि वसमतचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. हातात बंदूक घेतलेल्यांपेक्षा किती तरी पट लोकांनी मात्र हा लढा बैलगाडीत, डोक्यावरच्या गाठोड्यात, पेवात दडवलेल्या ज्वारीत आणि पावण्यांच्या ओसरीवर काढला. घर कुणाच्या भरवशावर सोडायचे, गुरे सोबत न्यायची की विकायची, म्हातारीला मागे ठेवायचे का, लेकीला माहेरी आणायचे की सासरीच राहू द्यायचे, असे निर्णय ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत घरोघरी झाले. हे सगळे युद्ध जगण्याचेच प्रकार आहेत.

‘याला युद्ध का म्हणायचे?’ हा आक्षेप सरकारी कागदावरूनच निघतो. भारत सरकारने १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या मोहिमेला पोलीस कारवाई म्हटले. त्यामागे कारण होते. निजामाने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली होती आणि दोन राष्ट्रांमधले युद्ध असे तिचे रूप होऊ देणे दिल्लीला परवडणारे नव्हते. पण पोलीस रणगाडे घेऊन येत नाहीत. सोलापूर, विजयवाडा, औरंगाबाद आणि वऱ्हाड अशा बाजूंनी लष्कर उतरले, मोहिमेला ‘ऑपरेशन पोलो’ हे लष्करी नाव होते, आणि शेवटी शरणागती घेतली ती मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांनी. पण हे पाच दिवस तेवढे सैन्याचे होते. गावाच्या हिशेबात युद्ध आधीच्या वर्षी सुरू झाले होते आणि सप्टेंबरच्या शरणागतीनेही लगेच संपले नाही.

इथे एक अडचण येते, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. या आठवणींना आकार दिला तो एका अर्जाने. १९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले, १९८० मध्ये त्याचे सन्मान निवृत्तिवेतन झाले, आणि पुढे हैदराबाद लढ्यातल्या सरहद्द शिबिरांत काम केलेल्यांनाही त्याचा लाभ मिळाला. अर्ज विचारीत होता: किती महिने तुरुंगात होता, किती महिने भूमिगत होता, कोणत्या शिबिरात होता, साक्षीदार कोण? सरकारी पैसा द्यायचा तर असे प्रश्न विचारावेच लागतात. त्यात दोष नाही. पण ज्या बाईने सरहद्द ओलांडून मुले जगवली, परतल्यावर उघड्या भिंतींवर पुन्हा छप्पर घातले, तिच्यासाठी त्या अर्जात रकाना नव्हता. दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्वतः हत्यार घेतलेल्या स्त्रिया इतिहासात आल्या, कारण त्या पुरुषांच्या मापात बसत होत्या. बाकीच्यांच्या घरात आजोबांची गोष्ट सन्मानपत्राच्या भाषेत घोटून तयार झाली आणि आजीची कुणी विचारलीच नाही. शिवाय पैसा जोडला गेल्यावर आठवण निर्मळ राहत नाही. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ते उगाच नव्हे. ज्या आठवणीतून कुणाला काहीच मिळायचे नव्हते, ती म्हणूनच अधिक भरवशाची. आजीच्या गोष्टीचे मोल मी या कारणाने वरचे मानतो.

इतिहासकार म्हणेल, आठवणी चुकतात. चुकतातच, पण छापील मजकूरही काही कमी चुकत नाही. हिंगोलीच्या माहितीत एक वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे की १८०३ मध्ये इथे टिपू सुलतान आणि मराठे यांची मोठी लढाई झाली. टिपू ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणात मारला गेला होता! १८०३ मध्ये या बाजूला झाले ते इंग्रज-मराठा युद्ध, असई आणि अडगावच्या लढाया. कुणी तरी दोन युद्धांची गाठ मारली आणि पुढच्यांनी ती न तपासता उतरवून घेतली. घरातली आठवण तपासायला निदान एक सोपी वाट असते, कारण ती इसवी सनात सांगितलीच जात नाही. ती सणावारात सांगितली जाते. १९४८ साली पोळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला आणि अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे लष्कर आले ते महालक्ष्म्या उठल्यानंतर आणि गणपती बोळवायच्या आत. ‘गौरी जेवल्या नि चार दिवसांत फौज आली’ असे कुणी म्हणाले, तर ते पंचांगाशी जुळते. तीच गोष्ट ‘दिवाळीत आली’ म्हणून सांगितली गेली, तर तिथे लष्कर येणे आणि गावात परतणे या दोन घटना एकत्र झाल्या असाव्यात, अशी शंका घेता येते. नेत्याचे नाव किंवा मेलेल्यांचा आकडा यांत आठवण वाहवत जाते. ज्वारी कणसावर होती की काढून झाली होती, नदीला पूर होता की उतार, यात ती सहसा चुकत नाही. प्रश्नच तसे विचारले पाहिजेत.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप. रझाकारीच्या आठवणी गोळा करणे म्हणजे जुनी वैरे उकरणे, आणि तीही एकाच बाजूची. हा आक्षेप पोकळ नाही. शरणागतीनंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर जे गुजरले, त्याची पाहणी करायला नेहरूंनी पाठवलेले पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचे शिष्टमंडळ २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात हैदराबाद राज्यात फिरले. त्यांनी मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्यासोबत हिंगोलीच्या शेजारचा नांदेड धरला. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. सर्वसामान्यांना पाहायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास. त्या साठहून अधिक वर्षांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची भाषणे होत राहिली आणि काही घरांत १७ सप्टेंबरला कुणी काही बोलले नाही. न बोलल्याने वैर विझते, असे मला वाटत नाही. न बोललेल्या घरात गोष्ट तारखेविना, गावाविना, माणसाविना उरते, आणि मग तिच्यात कुणालाही हवे ते भरता येते. उलट, नेमकी आठवण समूहावर दोष ठेवणे अवघड करते. कोणी जाळले हे सांगणाऱ्या घरात बहुधा कोणी लपवले हेही सांगितले जाते, आणि लपवणारा अनेकदा दुसऱ्या धर्माचा निघतो. म्हणून ऐकायचे तर कुणब्याच्या, महारवाड्यातल्या आणि पेन्शनपुऱ्यातल्या घरी एकाच पद्धतीने ऐकावे लागेल. नाही तर ते काम अर्जाच्याच जातीचे होईल.

१९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आता नव्वदीच्या घरात आहे. लढ्याची नेतेमंडळींच्या बाजूने मांडणी अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात झाली. घराच्या बाजूची मांडणी विखुरलेली आहे आणि तिचा अर्धा भाग तर हिंगोली जिल्ह्यात नाहीच. ज्यांच्या ओसरीवर ही कुटुंबे उतरली, ज्यांनी महिनोन् महिने पंक्तीला वाढले, ते सोयरे वाशीम, रिसोड, पुसद, उमरखेडच्या बाजूचे. वऱ्हाडात या काळाला मुक्तिसंग्राम म्हणून कुणी पाळत नाही, त्यामुळे त्या घरांना आपल्याकडे काही सांगण्यासारखे आहे, याची कल्पनाही नसेल. हिंगोलीच्या घरात ‘आम्ही पलीकडे गेलो’ इतकेच राहिले असेल, तर किती माणसे आली, किती दिवस राहिली, कोण वाटेत दगावले, याची आठवण पलीकडच्या यजमानांकडे असण्याचा संभव अधिक. शाळा-महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यायचे ठरवले, तर हिंगोली आणि वाशीम, कळमनुरी आणि उमरखेड अशा जोड्या करूनच घ्यावे. पैनगंगेच्या एकाच काठावर बसून ही नोंद पुरी होणार नाही.