दोन दप्तरे, एक घराणे

अनमोडचा घाट उतरून मोले गाठणाऱ्या प्रवाशास आज एवढेच जाणवते, की रस्त्यावरील पाट्यांची भाषा पालटली. परंतु 19 डिसेंबर 1961 पर्यंत येथे दोन सत्तांची हद्द होती. कॅसल रॉकच्या स्थानकावर उतारूंच्या सामानाची तपासणी होई. माणसांची सोयरीक मात्र त्या हद्दीने तोडली नाही. आणि जेथे सोयरीक, तेथे जमीनजुमला हा आलाच.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी फडक्यात बांधलेले कागद घेऊन आमच्याकडे आला. एक होती कानडी पहाणी, दुसरा गोव्याचा एक-चौदाचा उतारा आणि तिसरा पोर्तुगीज भाषेतील जुना दाखला. पणजोबांचे नाव एकीत विठू, दुसऱ्यात विठोबा आणि तिसऱ्यात विटोबा. "गुरुजी, ही तिन्ही माणसे एकच, हे कोणास पटवायचे?" असा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस जे उमगले, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम दप्तर म्हणजे काय ते पाहू. जमिनीची दप्तरे मुख्यतः दोन प्रकारची असतात. महसुली दप्तरात शेत कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, वहिवाट कोणाची व बोजा कोणता, हे लिहिलेले असते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील दप्तरात खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र असे दस्त नोंदले जातात. महसुली नोंद खरी मानून चालतात, पण ती मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. मूळ दस्त जपून ठेवण्याचे महत्त्व यातच आहे.

आता दोन्ही अंगांची दप्तरे इतकी निराळी का? उत्तर कन्नड जिल्हा 1862 पासून मुंबई इलाख्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो म्हैसूर राज्यात आला. त्यामुळे येथे मुंबईच्या पद्धतीने मोजणी होऊन प्रत्येक शेतास सर्वे नंबर मिळाला. गोव्यात पोर्तुगीज नोंदणी कचेरीत मिळकतीस वर्णनाचा क्रमांक देत आणि तिच्या चतुःसीमा शब्दांत लिहीत: पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस अमक्याची बागायत. मुक्तीनंतर 1968 चा जमीन महसूल कायदा झाला व पुढे नवी मोजणी होऊन नवे नंबर पडले. जुना ओहोळ कोणत्या नव्या नंबरात बसतो, हे जुळवून दाखविणे हेच पुष्कळदा खरे कोडे असते.

मापांचेही तसेच. आपल्याकडे एकर व गुंठे, महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर व आर, गोव्यात चौरस मीटर. 40 गुंठ्यांचा एक एकर, एक गुंठा सुमारे 101 चौरस मीटर आणि एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर, हे कोष्टक विद्यार्थ्यांनी पाठच करावे.

मग ही दप्तरे एकमेकांशी बोलतच नाहीत काय? बोलतात, पण थोडेच. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या 65 व्या कलमानुसार, एकाच दस्तातील मिळकत अनेक जिल्ह्यांत असल्यास नोंदणी करणाऱ्या कचेरीने दस्ताची व नकाशाची प्रत इतर जिल्ह्यांच्या निबंधकांकडे पाठवावयाची असते. ही झाली दस्ताची गोष्ट. माणूस गेल्यावर वारसांची नावे लावावयाची, तर प्रत्येक दप्तराचे दार निराळे ठोठवावे लागते. येथे अर्ज तालुका कचेरीत. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतून आलेली वारसाची स्वतंत्र रीत आहे व तिच्यासाठी 2012 चा कायदा आहे.

अशीच अडचण राष्ट्राराष्ट्रांतही असते. 2006 मध्ये युरोपातील काही देशांच्या नोंदणी खात्यांनी 'युलिस' नावाची सामाईक सेवा सुरू केली. त्यांनी कायदे एक केले नाहीत की दप्तरेही एकत्र केली नाहीत. परक्या देशाचे दप्तर पाहण्याची वाट काढली आणि एका देशातील संज्ञेचा अर्थ दुसऱ्यास कळावा म्हणून शब्दसंग्रह दिला. सहकार्याचा आरंभ एकमेकांचे शब्द समजून घेण्यात आहे, हा त्यातील बोध.

आपल्या देशातही पावले पडत आहेत. कर्नाटकाने 'भूमि' योजनेद्वारे सुमारे 2 कोटी पहाण्या संगणकावर आणल्या. 2021 पासून केंद्र सरकारने जमिनीच्या प्रत्येक तुकड्यास 14 अंकाक्षरांचा 'भू-आधार' क्रमांक देण्यास आरंभ केला आहे. लिपी कोणतीही असो, क्रमांक एकच राहील.

परंतु क्रमांक जमिनीस मिळेल; माणसाचे नाव कोण जुळवणार? आमच्या विद्यार्थ्याच्या घरच्यांनी अखेर तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केले आणि त्यास जुने दाखले जोडले. इकडची नोंद झाली. तिकडची अजून व्हावयाची आहे; तोवर घाटाखालच्या त्या कुळागरावर घराण्याचा हक्क असूनही ते त्यांच्या नावावर नाही.

म्हणून पालकांस आमची एक विनंती आहे. मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात घालताना ते जन्मदाखल्याप्रमाणे अक्षरशः तेच लिहवावे. आणि विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून जुन्या कागदांची एक यादी करा: कोणता कागद, कोणत्या सालचा, कोणत्या गावचा, त्यावर नाव कसे लिहिले आहे. ज्यांस ते ओळखता येते, ती माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विचारण्याचे काम उद्यावर टाकू नका.